बंद नाक

"नाकात मांस वाढलंय. ऑपरेशन करून टाका, वास परत यायला लागेल," कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलं. दोन्ही वेळा तिचं उत्तर एकच होतं, "आईला कोणाच्या भरवशावर टाकू?"

आईला साखरेचा आजार होता आणि ती अंथरुणाला खिळलेली होती. लेक तिला भरवायची, केस विंचरायची, तिचं डोकं मांडीवर घेऊन तासन्‌तास गप्पा मारायची. पायाच्या जखमेची पट्टी मात्र आई स्वतःच बांधायची, लेकीला हात लावू द्यायची नाही.

एकदा लेकच तापाने पडली, म्हणून तिने नर्स बोलावली. नर्स दारातच थबकली आणि तिने नाकाला रुमाल लावला. पट्टी सोडली, तर पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला होता. विष रक्तात भिनलं होतं. हॉस्पिटलमध्येही डॉक्टरांनी हात टेकले.

"आई, घरभर वास सुटला असेल गं," लेक हमसून हमसून रडत म्हणाली. "मला एका शब्दाने सांगायचं नाहीस?"

"सांगणार होते. पण वास यायला लागला आणि बाकी कोणी फिरकेनासं झालं." आईने तिचा हात धरला. "तुला तो आला असता, तर तू तरी इतकी जवळ बसली असतीस का?"