अकरा बंदुका

"अभिनंदन, आजोबा! तुम्ही हवालदार झालात," कारकुनाने खिडकीतून कागद पुढे सरकवला.

चौतीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या लढाईत मरता मरता कप्तानाने म्हाताऱ्याला हवालदार केलं होतं. तोंडी. कागद नाही म्हणून दप्तराने त्याला शिपाईच ठेवलं. पगारही शिपायाचा, पेन्शनही शिपायाचीच. तेव्हापासून तो अर्ज करत होता.

सोबत आलेल्या त्याच्या मुलीने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"थकबाकी चार लाख ऐंशी हजार. आणि बाबांच्या हातात सहा हजार तीनशे? बाकीचे कुठे गेले?"

"त्याचं असं आहे ताई, शिपाईच राहिले असते तर प्रश्न नव्हता." कारकून पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. "हवालदार म्हटलं की तुकडीचे प्रमुख. त्या दिवशी अकरा बंदुका जमा झाल्या नाहीत. त्यांची किंमत, वर चौतीस वर्षांचं व्याज."

"अहो, त्या बंदुका ज्यांच्या हातात होत्या ती माणसं..."

"माणसांचं खातं वेगळं. ते केव्हाच क्लिअर झालं." टोपणाला लागलेला मळ त्याने न्याहाळला आणि फाइलीच्या कडेला पुसला.

आतून साहेब आले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "लावलं की नाही प्रकरण तडीस? जवानांना आम्ही विसरत नाही." मग कारकुनाला हळूच म्हणाले, "सही घे. जेवणाच्या सुट्टीआधी फाइल बंद झाली पाहिजे."

साहेबांच्या हाताला अत्तराचा वास होता. म्हाताऱ्याने रुमाल नाकाशी धरला.

"चला बाबा," मुलीने त्याचं कोपर धरलं. "थुंका यांच्या पैशांवर."

पण म्हातारा हलला नाही. त्याने पेन मागून घेतलं आणि सही केली. नावाआधी 'हवालदार' लिहिलं, सावकाश, सुवाच्य. मुलगी बघतच राहिली.

कारकुनाने कागदासाठी हात पुढे केला. म्हाताऱ्याने कागद तळव्याखाली दाबून धरला.

"आधी पावती."

"कसली?"

"बंदुकांचे पैसे माझ्याकडून घेतलेत ना? अकरा पावत्या द्या. कुठली कोणाच्या हातात होती, त्याचं नाव घालून."

"असा नमुना नाही हो आपल्याकडे."

"कोऱ्या कागदावर लिहा."

कारकुनाने मागे वळून पाहिलं. साहेबांच्या खोलीचं दार बंद झालं होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या तळव्याखालच्या कागदाकडे पाहिलं आणि चडफडत एक कोरा ताव ओढला.

"हं, सांगा."

म्हातारा ताठ उभा राहिला.

"पहिला एकोणीस वर्षांचा," तो म्हणाला. "आडनाव आधी लिहा. हजेरी घेताना तसंच पुकारायचो."