अर्धी पाठ

"आधी साबण लावून अंग धुवायचं, मगच हौदात उतरायचं. केस वर बांधायचे. पंचा हौदाच्या पाण्यात बुडवायचा नाही. आणि फोन कपाटातच ठेवायचा."

कोरियातल्या बुसान शहरात पर्यटकांना फिरवणारी येन्जू एका हमामखान्याच्या दारात तीन परदेशी मुलींना बजावत होती. तिघी डेन्मार्कच्या, तिशीच्या आतबाहेरच्या. परक्यांना 'येन्जू' म्हणणं जड जातं, म्हणून ती सगळ्या पाहुण्यांना आपलं नाव 'जून' सांगे.

"आणखी एक. एखादी आजी अंग घासायचा हिरवा हातमोजा देऊन तुमच्याकडे पाठ करून बसली, तर दचकू नका. तिची पाठ घासून द्यायची. मग ती तुमची घासते. नको म्हणालात तर तिला वाईट वाटेल."

"ओळख नसली तरी?" बिर्ते नावाच्या उंच मुलीने विचारलं.

"ओळख नसली तरच. ओळखीच्यांना वेळ कुठे असतो?"

तिघी हसल्या. हा विनोद ती दर आठवड्याला करायची.

मुली आत गेल्या. येन्जू बाहेरच्या बाकावर बसली. ती स्वतः कधी आत जात नसे.

दोन वर्षांपूर्वी सोलमधली नोकरी सुटली, तेव्हा ती बुसानला, आपल्या जन्मगावी परत आली होती. आईला मात्र सांगितलं नव्हतं. आई पुलापलीकडे, यंगदो बेटावर एकटी राही. लेक राजधानीत मोठ्या कंपनीत आहे, हे तिने गल्लीभर सांगून ठेवलेलं. येन्जू दर रविवारी फोन करी आणि सोलमध्ये थंडी किती पडलीय ते सांगे. थंडीचा आकडा ती बातम्यांतून बघून घेई. मागच्या हिवाळ्यात आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. "रजा मिळत नाही ग," येन्जू म्हणाली होती. दवाखाना तिच्या खोलीपासून बसने बारा थांबे होता.

तासाभराने तिघी बाहेर आल्या, बिर्ते सर्वांत पुढे. अंग लालबुंद, केस ओले.

"जून, मला भेटली एक आजी! अशी घासली मला, की साल निघाली. सारखी बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. तिचा उजवा हात कानाच्या वर जातच नाही ग. खांद्यावर टाक्यांची खूण आहे, अजून लालसर." ती जरा ओशाळली. "तिची पाठ मात्र मी अर्धीच घासली. या दोघी हाका मारायला लागल्या. आलेच, अशी खूण करून निघाले. बसली असेल बिचारी वाट बघत."

येन्जूने आतल्या दाराकडे पाहिलं.

"सगळ्या तिला 'येन्जू ओम्मा' म्हणत होत्या. गल्ल्यावरची बाईसुद्धा. गोड आहे नाव. अर्थ काय त्याचा?"

ओम्मा म्हणजे आई. येन्जूची आई.

"नावच आहे," येन्जू म्हणाली.

आई इथे? यंगदोचा जुना हमामखाना बंद पडल्याचं ती फोनवर म्हणाली होती खरी. मग आता कुठे जातेस, हे येन्जूने विचारलं नव्हतं.

तिने मुलींना कोपऱ्यावरच्या दुकानात केळ्याच्या चवीचं दूध प्यायला पाठवलं. तिकीट घेतलं. कपडे कपाटात ठेवले आणि आत गेली.

वाफेत आई दिसली. बुटक्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसलेली. समोरचा आरसा वाफेने पांढरा झाला होता. येन्जू मागे जाऊन बसली.

"आलीस? मला वाटलं, अर्धं काम टाकून पळालीस," आई म्हणाली आणि तिने हिरवा मोजा डाव्या हाताने मागे धरला.

येन्जूने तो हातात चढवला. पाठ केवढीशी झाली होती. ती खालून वर घासू लागली. मळाच्या शेवया सुटू लागल्या.

"तुला कळत नाही, म्हणून बोलायला बरं," आई म्हणाली. "माझी पोरगीही तुझ्याच वयाची. सोलला असते. म्हणजे, मी तसं सांगते सगळ्यांना."

येन्जूचा हात थांबला.

"घास ग. तर, गेल्या ऑक्टोबरात मासळीबाजारात दिसली मला. पिवळी छत्री उंच धरलेली, मागे दहा-बारा परकी माणसं. त्यांना माशांची नावं सांगत होती. दोन तर चुकीचीच सांगितली." आई खुदकन हसली. "मी बर्फाच्या खोक्यांमागे जाऊन बसले. पुढे झाले असते, तर पोरीचं तोंड एवढंसं झालं असतं. पाहुण्यांदेखत असं करू नये कुणाला."

शेजारी कुणीतरी बादली उपडी केली. पाणी दोघींच्या पायांखालून वाहून गेलं.

"खांद्याच्या वेळी म्हणाली, रजा नाही. म्हटलं, राहू दे. माझं काय, शेजारीण होती. पण ती एकटी कशी राहिली असेल इथे? जेवत तरी असेल का वेळेवर?"

येन्जू मान खाली घालून घासत राहिली, टाक्यांची खूण चुकवत, हलक्या हाताने.

आईने डाव्या हाताने भांडं भरलं आणि पाणी अंगावर ओतून घेतलं. मागे मात्र वळून पाहिलं नाही.

"मानेखाली राहिलंय," ती म्हणाली. "जरा जोर लाव, येन्जू."