चाकामागचा दगड

नववीच्या वर्गात निकम मॅडम जडत्व शिकवत होत्या. बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिरच राहते, असं सांगून त्यांनी गावातलं एखादं उदाहरण विचारलं.

सानिकाचा हात लगेच वर गेला. "मॅडम, दगड! उसाची ट्रॉली खिंडीच्या चढाला थांबली की आमचं पप्पा चाकामागं मोठा दगड लावत्यात. मग ट्रॅक्टर निघून जातो, दगड रस्त्यातच ऱ्हातो."

"उचलून कडेला नाही टाकत?"

"न्हाई, मॅडम. भरलेली गाडी चढाला परत कोण थांबवणार? समदेच तसं करत्यात."

"मग तो दगड हलतो कधी?"

"कुणाची तरी मोटारसायकल धडकली की," सानिका म्हणाली, आणि वर्ग हसला.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर नीट अक्षरात लिहिलं : स्थिर वस्तू – दगड, बाह्य बल – मोटारसायकल.



शाळा सुटल्यावर, गेल्या हंगामात त्यांचे मिस्टर जिथं मोटारसायकलवरून पडून वारले, त्या खिंडीच्या चढावर मॅडमनी रोजच्यासारखी स्कूटी थांबवली आणि रस्त्यातला दगड उचलून कडेला ठेवला.