डोळ्यातली कणी

"अब्बा, पापणी तरी लवू द्या की," शाहीन सासऱ्यांना म्हणाली आणि हसू दाबत बाजूला झाली.

मौलासाब कुठले ऐकतात! एकोणतिसावा रोजा नुकताच सुटला होता. जळकोटातल्या त्यांच्या स्लॅबवर सगळी गल्ली मावळतीकडं बघत उभी होती आणि म्हातारा सगळ्यांच्या पुढं कठड्याला चिकटला होता. ईदचा चाँद गल्लीत पहिल्यांदा त्यांनाच दिसतो, अशी तीस वर्षांची ख्याती. पण साखरेनं डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग बसला. दोन वर्षं ते लोकांच्या बोटाकडं बघून "दिसला, दिसला" म्हणत आले होते. दर महिन्याला डोळ्यात सुई घेऊन कंटाळले. शेवटी पाच आठवड्यांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी तांदळाच्या कणीएवढं औषध उजव्या डोळ्यातच ठेवून दिलं. तीन-चार महिने ते आतल्या आत विरघळत राहणार होतं. डाग विरळ होत चालला होता. आज खरी परीक्षा होती.

निंबाच्या शेंड्यावर एक बारीक रेघ दिसली. डोळा चोळायला हात गेला, पण डॉक्टरांनी बजावलेलं आठवलं. त्यांनी बिनकणीचा डोळा झाकला. रेघ तिथंच!

"दिसला!" ते ओरडले.

"चाचा, टावरचा दिवा असंल," शेजारचा इरशाद म्हणाला. दोघं-तिघं हसले.

मौलासाबांनी त्याची हनुवटी धरून मान फिरवली. "निंबाच्या शेंड्यावरनं वर ये. आता जरा डावीकडं. टावरचा दिवा असा वाकडा असतोय व्हय रं?"

इरशादनं डोळे बारीक करून बघितलं. मग असा बोंबलला की खाली बांधलेल्या शेळ्या बिथरल्या. स्लॅबवर एकच गलका झाला. जो तो म्हाताऱ्याला मिठी मारायला धावला, आणि म्हातारा लहान पोरासारखा हसत सुटला.

गर्दीतून वाट काढत ते बायकोकडं आले. बिस्मिल्लाबी मागं पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती.

"दोन वर्सं म्या खोटंच म्हनलं," ते तिच्या कानाशी म्हणाले. "आज खरंच दिसला."

"मला तर चार वर्सं झाली, न्हाय दिसत," ती म्हणाली. "तुम्ही म्हनलं की म्या बी म्हनायचं."

मौलासाबांचं हसू थांबलं. त्यांनी तिचं बोट धरून निंबाकडं केलं. "बग. दिसतोय का?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली,

"तुम्हाला दिसतोय न्हवं? मंग झाली ईद."