तोडकरांचं मनगट

तोडकरांचा डिस्चार्ज झाला, पण कौसल्याबाई नवऱ्याचं मनगट सोडेनात.

"सिस्टर, ह्यांची नाडीच लागत नाही. घरी कसं नेऊ ह्यांना?"

"लागणारच नाही, काकू," गावित सिस्टर म्हणाल्या. "नवं कृत्रिम हृदय ठोके देत नाही. पंख्यासारखं फिरत राहतं आणि रक्त सलग वाहतं. छातीला कान लावून बघा."

बाईंनी कान लावला. आत बारीक, एकसुरी गुणगुण चालली होती.

"मेलं यंत्र! उद्या बंद पडलं म्हणजे?"

"अगं, मी चांगला बोलतोय ना!" तोडकर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

सिस्टरनी औषधांची पिशवी कौसल्याबाईंकडे दिली. "रोज सकाळी वजन करा. एकदम वाढलं किंवा पाय सुजले, तर लगेच फोन करा. नाडी शोधत बसू नका." मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. "आता माझी बघा."

कौसल्याबाईंनी बोटं टेकवली, सरकवली, पुन्हा दाबली. काहीच लागेना. त्यांनी चमकून वर पाहिलं.

"अकरा वर्षं झाली," सिस्टर म्हणाल्या. "आज लिफ्ट बंद होती, तर चार जिने चढून ड्युटीवर आले."