हिरव्या लोकरीची गाठ

दार उघडल्यावर बाबांनी आधी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे, आणि मग तोंडभर हसले. "ये रे बाळा!"

पिशवीच्या बंदाला हिरव्या लोकरीची गाठ होती. मागच्या खेपेला बाबांनीच बांधलेली, पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. तसलीच लोकर त्यांच्या मनगटावरही होती. म्हातारपणचे चाळे म्हणून त्याने तेव्हा ते सोडून दिलं होतं.

आज मात्र तो डोळ्यांत तेल घालून बघायला आला होता. बाबा विसरायला लागलेत, त्यांना एकटं ठेवू नका, असा ताईने धोशा लावला होता. घर बंद करून त्यांना तिच्याकडे न्यायचं की नाही, हे आज त्याने सांगायचं होतं. आणि घर सोडायचा विषय निघाला की बाबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

स्वयंपाकघरात शिरताना तो उंबऱ्यातच थांबला. सिंकखालचे पाइप सुटून जमिनीवर पसरले होते.

"बाबा, हे काय मांडून ठेवलंय?"

"गळत होतं. दर वेळी मिस्त्रीच्या विनवण्या कोण करणार?"

"आणि कुठला पाइप कुठे, हे लक्षात राहील?"

"लक्षात कशाला ठेवायचं? डोकं म्हणजे काय गोदाम आहे?" बाबांनी बोट दाखवलं. गरम पाण्याच्या पाइपला लाल लोकर, तो जिथून काढला तिथेही लाल. फिल्टरच्या पाइपला पिवळी, भिंतीतल्या तोटीलाही पिवळी. आई गेल्यापासून पडून असलेली लोकरीची टोपली कामी आली होती. "रंगाला रंग मिळाला की जोडायचं. चुकायचा प्रश्नच नाही."

त्याला हसू फुटलं. हे डोकं बिघडलेलं? त्याने बाह्या सरसावल्या.

बाबा उताणे होऊन सिंकखाली शिरले. बाहेर नुसते पाय.

"हा शेवटचा, थंड पाण्याचा. खूण बांध याला. टोपली आतल्या खोलीत आहे."

"राहू द्या, आहे माझ्याकडे."

आत कोण जाणार! त्याने पिशवीच्या बंदाची गाठ सोडली, लोकरीचे दोन तुकडे केले, एक पाइपला बांधला, एक तोटीला.

मग नवे वायसर बसले. "लाल दे. आता पिवळा. हिरवा दे." बाबा कुठे म्हणून अडखळले नाहीत. पाणी सोडलं. त्याने प्रत्येक सांध्यावरून फडकं फिरवलं. खडखडीत कोरडं! इतके दिवस छातीवर बसलेला दगड उतरला. त्याला खरोखर आनंदाने ओरडावंसं वाटलं.

बाबा कपडे झटकत बाहेर आले. क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग अदबीने म्हणाले, "फार मदत झाली तुमची. चहा घेणार ना?"

बाबांची थट्टेची सवय जुनी. त्यानेही मिस्त्रीचा आव आणला. "घेतो की साहेब. पुन्हा गळलं तर हाक मारा."

"जरूर. हात चांगला आहे तुमचा."

चहा फक्कड झाला होता. साखरसुद्धा बेताची. निघताना बाबांनी त्याला दारात चक्क हात जोडून नमस्कार केला. तो हसत हसत जिना उतरला.

बसथांब्यावर पोचताच त्याने ताईला फोन लावला.

"ताई, बाबा एकदम ठणठणीत आहेत. तुझ्यामाझ्यापेक्षा डोकं चांगलं चालतं त्यांचं. राहू देत त्यांना त्यांच्या घरात."

"नक्की ना रे?"

"अगं, मी स्वतः बघितलंय."

ताई रडवेली होऊन हसली. तिच्याही जिवात जीव आला. फोन खिशात टाकतो न टाकतो तोच पुन्हा वाजला. बाबांचा होता. त्याने पिशवीचा मोकळा बंद दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि फोन कानाला लावला.

"बाळा," बाबांचा आवाज खुशीत होता, "सिंक झालं बरं का. एक मिस्त्री येऊन गेला, फार सज्जन माणूस. मी आपला केव्हाचा दारात उभा आहे. तू कधी पोचतोयस?"