शेवटचा चौकोन

एकेका चौकोनात एकेक पाकीट बसत होतं. अनुपमानं वरच्या रांगेत कपाशीचं बियाणं लावलं, खाली तुरीचं, त्याखाली फवारणीची औषधं. फोटो एकासारखे एक नव्हते. कुठं पाकीट वाकडं, कुठं मागं वजनकाट्याचं टोक आलेलं. ती एकेक सरळ करून सारख्या मापात कापत होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. मैना चुळबुळली की अंगठा हलायचा, लॅपटॉपवरचे हात आपले चालूच.

धामणगावच्या बाजारात शेषरावकाकांचं कृषी केंद्र होतं. यंदा त्यांनी दुकान ऑनलाइन काढायचं ठरवलं आणि ते मांडायचं काम अनुपमाला दिलं. जुना लॅपटॉप स्वतः घरी आणून दिला. तुझ्यासारखं नीटनेटकं गावात कोणाला जमतं बाई, म्हणाले. हे वाक्य तिनं फोन करून आईला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही निमित्त काढून पुन्हा सांगितलं होतं.

सगळ्यांत खाली 'आमचे समाधानी शेतकरी' असं लिहून एक चौकोन ठेवायचा होता. त्याचा फोटो काकांनी आज सकाळी पाठवला होता. तिनं तो न पाहताच चौकोनात सोडला. फोटो आडवा होता, दोन्ही बाजूंनी कापला गेला. छातीइतक्या कपाशीत एक माणूस हसत उभा, हात एका बाजूला लांबवलेले, आणि अगदी कडेला एक इवलं पाऊल. पावलात काळा दोरा.

तिनं आधी पाऊल ओळखलं, मग माणूस.

गेल्या पोळ्याला तिनंच काढलेला फोटो. मैना तेव्हा नुकती मान धरायला लागली होती. नवऱ्यानं, हरिओमनं, तिला दोन्ही हातांनी उचलून कपाशीवर धरलं होतं आणि म्हणाला होता, हे घे, आपलं पयलं बोंड. पोरीनं एक पाय त्याच्या छातीकडे झाडला होता. हा फोटो अनुपमानं नवऱ्याला आणि आईला पाठवला होता, आणखी कोणालाच नाही.

बियाणं काकांच्याच दुकानातलं होतं. दिवाळीनंतर जे बोंड फोडावं त्यात गुलाबी अळी निघाली. हरिओमनं पोतंभर किडकी बोंडं नेऊन भर बाजारात शेषरावकाकांच्या काउंटरवर ओतली. काट्याच्या पारड्यात अळ्या वळवळताना सगळ्यांनी पाहिल्या. तुझी फवारणी चुकली असेल, एवढंच काका म्हणाले. परत येऊन त्यानं शेतातली कपाशीची उभी पऱ्हाटी उपटली. तेव्हापासून बियाण्याचं काही विचारायचं असलं की गाव त्यालाच विचारायचं. आज सकाळीच नळावर शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या होत्या की हरिओम जे घेईल तेच आम्ही घेऊ, तो तोंडावर बोलणारा माणूस आहे.

फोटोखाली बियाण्याचं नाव टाकायचं होतं. नाव नवं होतं, पाकीटही नवं. कोपऱ्यातलं कंपनीचं चिन्ह मात्र गेल्या वर्षीचंच.

हरिओम बाहेरून आला तशी तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"तुमच्या मोबाईलातून काढून घेतला असन त्याईनं," ती दबक्या आवाजात म्हणाली, पोर उठू नये म्हणून. "आता जा, आन् भर बाजारात सांगा त्याईले. तवा सांगतलं तसं."

हरिओमनं माठातून तांब्या भरला. प्यायला नाही.

"म्याच देला," तो म्हणाला.

पाळणा थांबला.

तो तांब्याकडे पाहत बोलत राहिला. गावात हे बियाणं आता त्याच्या हातून येणार होतं, कंपनीचा माणूस म्हणून. फिरायला गाडी मिळणार होती. वावरात आता काय राहिलं आहे? आणि दरसाल अळी येतेच असंही नाही. रुखमाबाईंचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, लोक कोणतं ना कोणतं घेतीलच, मग हेच का नको.

अनुपमानं लॅपटॉप मिटला. हा काकांना परत नेऊन द्या, म्हणाली. आपल्याला असलं काम नको. तिच्या हाताला वळण आहे, दुसरीकडे काम मिळेल. खुद्द काकाच तसं म्हणाले होते.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, मैनेला समजावताना पाहायचा तसं.

"तुले हे काम काऊन भेटलं मंग, अनू?"

तांब्या तसाच भरलेला माठावर ठेवून तो बाहेर गेला.

मैना जागी झाली होती. रडली नाही, पाळण्याबाहेर एक पाय काढून नुसती पडून होती. अनुपमानं अंगठ्याची दोरी सोडली, पोरीला मांडीवर घेतलं. बराच वेळ तिच्या पायातला दोरा बोटानं फिरवत बसली. मग एका हातानं लॅपटॉप उघडला.

शेवटचा चौकोन तसाच होता. तिनं फोटो धरला आणि हळूहळू बाजूला सरकवत नेला. पाऊल कडेला टेकलं. काळा दोरा गेला, टाच गेली, मग बोटंही.

चौकोनात हरिओम एकटाच उरला. छातीइतक्या कपाशीत हसत उभा, दोन्ही हात बाजूला लांबवून, कोणाला तरी उचलून धरल्यासारखा.